हात सुटल्याची नोंद

कॉलेजात तिला सगळे टाचणी म्हणायचे. अंगानं तशीच होती, आणि बोलली तर टोचायची. पण मुळात बोलायचीच कमी. मला भोंगा म्हणायचे; ते का, हे माझ्याशी दोन मिनिटं बोललेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. आम्ही एका बाकावर बसायचो, एवढीच काय ती ओळख. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेआधी नोटीस बोर्डावर एक पिवळा कागद लागला आणि तिथून आमचं खरं सुरू झालं.

कागद थीम पार्कचा होता. शहराबाहेर तळ्याकाठी तो भला थोरला पार्क आहे, लांबून आधी त्याचं चक्रच दिसतं. सुट्टीचे दोन महिने विद्यार्थ्यांना तिथे काम, राहायला वसतिगृह, दोन वेळचं जेवण, गणवेश आणि शेवटी प्रमाणपत्र. मी तिथल्या तिथे उडीच मारली. टाचणी मात्र कागदासमोर इतका वेळ उभी राहिली की मागच्या पोरी तिच्या खांद्यावरून वाचायला लागल्या.

अर्ज चार पानी होता. तिसऱ्या पानावर विचारलं होतं : काम कुठे आवडेल? पसंतीनं तीन ठिकाणं लिहा. मी लिहिलं, मिरवणूक, मोठं चक्र, आइस्क्रीमची गाडी. सहज तिच्या कागदात डोकावले तर तिन्ही ओळींवर तिनं एकच गोष्ट लिहिली होती. हरवलेल्या मुलांची खोली. हरवलेल्या मुलांची खोली. हरवलेल्या मुलांची खोली.

"अगं, तीन वेगवेगळी लिहायचीत."

"मला एकच हवंय."

"काय ठेवलंय तिथे? दिवसभर रडकी पोरं आणि त्यांची वाहती नाकं."

"पुसेन की," ती म्हणाली आणि पान उलटलं.

मुलाखत पार्कच्या ऑफिसातच झाली. तीन खुर्च्या, पाण्याचा जग, आणि नाकाच्या टोकावर चाळिशी ठेवून बसलेले एक साहेब. त्यांनी मला समोरच्या रिकाम्या खुर्चीला हसून 'या, स्वागत आहे' म्हणायला लावलं. मी म्हटलं तर बाहेर रांगेतली मुलं दचकली. साहेब म्हणाले, तुला होड्यांवर टाकू, तिथे इंजिनाच्या आवाजात असाच गळा लागतो. माझ्यानंतर टाचणी आत गेली. दार नीट लागलेलं नव्हतं, मी तिथेच रेंगाळले.

"ही खोली आजवर कुणी मागितली नाही," साहेब म्हणत होते. "आम्हीच कुणाला तरी पाठवतो आणि मग तो आठवड्यात बदली मागतो. तुला का हवी?"

"मी तिथे एकदा बसलेली आहे," टाचणी म्हणाली.

साहेबांनी चाळिशी काढली, पुसली, परत घातली. बाकी काही विचारलं नाही.

निवड झाली दोघींची. आता वसतिगृहासाठी फक्त पालकांची सही हवी होती. माझ्या आईनं भाजी निवडता निवडता सही ठोकली. टाचणीचा कागद आठ दिवस झाले तरी येईना. तिला आई नव्हती. घरात वडील, आणि तिला लहानाची मोठी केलेली आत्या. वडील एका चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला काचा घासायचे. तिनं अर्ज पुढे ठेवल्यावर त्यांनी म्हणे हात धुतले, पुसले, कागद उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "दुसरीकडे कुठे काम नाही का मिळत?" आत्यानं तर त्या जागेचं नाव घरात काढायचं नाही असं बजावलं. नवव्या दिवशी सकाळी कागद तिच्या डब्याखाली सापडला. सही होती. पेन इतकं दाबलेलं की कागद फाटला होता.

आम्ही तिथे राहायला गेलो तेव्हा मला कळलं, हिला तो पार्क घरचा जिना उतरावा तसा सवयीचा आहे. मला होडीघाट सापडायला दोन दिवस लागले. ही पहिल्याच दिवशी कुणाला न विचारता कारंज्याला वळसा घालून, घोड्यांच्या फिरत्या पाळण्याच्या मागून थेट त्या खोलीशी गेली. बुटक्या निळ्या खुर्च्या, भिंतीवर ढगांची चित्रं, फिनेल आणि रबराचा वास, खिडकीशी फोन. खोली सांभाळणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणायचे. तिशी उलटलेल्या, शांत, कुठल्याही रडणाऱ्या मुलाला आधी त्याच्या बुटाबद्दल विचारणाऱ्या. टाचणी आत गेली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून बसली. ताई म्हणाल्या, "ती मुलांची आहे गं." "माहितीये," ही म्हणाली, तरी चांगली मिनिटभर उठली नाही.

आठवडा गेला. काम ती मन लावून करायची, पण तिची नजर सारखी खिडकीतून बाहेर. मुलांकडे नाही, बायांकडे. गर्दीतून एखादी बाई घाईघाईनं, मान वळवत वळवत गेली की टाचणी हातातलं काम टाकून उठायची. एकदा जेवणाच्या सुट्टीत होडीघाटामागे आम्ही डबे उघडले होते. मी सरळ विचारलं, "कुणाला शोधतेस?"

"मी नाही शोधत," ती म्हणाली. "ती शोधतेय."

मग तिनं सांगितलं. पाच वर्षांची असताना ती आईबरोबर या पार्कात आली होती. घोड्यांच्या पाळण्याजवळ खूप गर्दी होती आणि तिचा हात सुटला. तिला कुणीतरी त्या खोलीत आणून बसवलं. संध्याकाळी बाबा येऊन घेऊन गेले. आई उन्हात तिला शोधत राहिली, शोधता शोधता आजारी पडली आणि गेली.

"तुला कुणी सांगितलं असं?"

"घरी सांगितलं, गर्दीत हात सुटला. मग सांगितलं, आई गेली. हे दोन्ही मी जोडू नाही का शकत?" तिनं पोळीचा तुकडा तसाच खाली ठेवला. "भोंगे, मी हात घट्ट धरला असता तर ती गेली नसती. आणि तिला कुठे माहितीये मी सापडले ते? ती अजून इथेच फिरतेय. मला दिसते. पाळण्याच्या त्या बाजूनं जाते आणि या बाजूनं बाहेर येत नाही. मला वाटलं, मी परत त्याच खोलीत जाऊन बसले तर कधीतरी दार उघडून आत येईल."

भर दुपारचं ऊन होतं. समोर तळ्यात शंभर माणसं ओरडत होती. माझ्या अंगावर मात्र सर्रकन काटा आला. तिनं खाली ठेवलेला तुकडा मी उचलून परत तिच्या डब्यात ठेवला.

त्यानंतर पाळण्यावरून जाताना मीसुद्धा बायांच्या तोंडांकडे बघायला लागले. कशाला ते माहीत नाही. फोटोसुद्धा पाहिला नव्हता मी तिच्या आईचा.

सकाळी पहिला तासभर खोलीत कुणी हरवून येत नसे. त्या वेळात ताईंनी तिला एक काम दिलं होतं. कपाटात जुन्या नोंदवह्या होत्या, त्या संगणकात चढवायच्या. तिसऱ्या आठवड्यात, दहा वाजता, ती होडीघाटावर आली. गणवेशाची टोपी डोक्यावर नव्हती. मी एका आजोबांच्या जाकिटाचे बंद आवळत होते.

"चल," ती म्हणाली.

"अगं, होडी भरतेय..."

"चल."

खोलीत ताई खुर्चीवर पाठ टेकून बसल्या होत्या, चेहऱ्याचा रंग उडालेला. टेबलावर वही उघडी होती. टाचणीनं बोट ठेवलं आणि मी वाचलं. अजून मला ती ओळ न् ओळ पाठ आहे.

वेळ दोन वाजून वीस मिनिटं. मुलगी, वय पाच, निळा फ्रॉक, दोन वेण्या. कुठे सापडली : कारंज्याजवळ एकटी. कोणी आणली : एक महिला, नाव सांगितले नाही. पालकांचा संपर्क : चष्म्याच्या दुकानाचा फोन. त्याखाली समासात वेगळ्या शाईनं : साडेतीन, महिलेचा फोन, मुलीला कोणी न्यायला आले का? नाही सांगितले. पावणेपाच, पुन्हा तोच फोन. नाही सांगितले. पाच पन्नास, वडील आले, सही घेऊन मुलगी ताब्यात दिली. सहा पाच, पुन्हा फोन. हो सांगितले. पलीकडून ठेवला.

"हे अक्षर माझंच आहे," ताई म्हणाल्या. "तुमच्यासारखीच सुट्टीच्या कामावर आले होते मी तेव्हा. पहिलंच वर्ष."

"तुम्हाला आठवते ती?" टाचणीनं विचारलं.

"पाच वर्षांच्या पोरीला दुकानाचा नंबर कुठला पाठ असणार? तो त्या बाईनं दिला. म्हणाली, मुलीच्या खिशात चिठ्ठी होती. चिठ्ठी दाखवा म्हटलं तर म्हणाली, वाटेत पडली वाटतं. आणि निघताना..." ताईंनी वही आपल्याकडे वळवली. "निघताना तुझी एक वेणी सुटली होती, ती खाली बसून तिनं परत घातली. दातात रिबन धरून. परकी बाई वेणी घालत नाही गं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. तिच्या मागे धावायला हवं होतं मी. पण वही अर्धी भरायची राहिली होती, म्हणून मी वही भरत बसले."

त्या वहीत सगळं होतं, फ्रॉकचा रंगसुद्धा. हात सुटल्याची नोंद मात्र कुठेच नव्हती.

टाचणी रडली नाही, ओरडली नाही. ती कामाला लागली, आणि तेच वाईट झालं. चार दिवसांनी एक बाई एका मुलाला घेऊन खोलीत आली. मुलगा तिला चिकटलेला. "हा पाण्याच्या घसरगुंडीपाशी सापडला," बाई म्हणाली, त्याचं नाव सांगितलं आणि निघायला लागली. टाचणी उठली, दाराला कडी घातली आणि दारासमोर उभी राहिली.

"तुम्ही कुठेही जायचं नाही."

"म्हणजे?"

"तुम्ही याची आई आहात. मला माहितीये. बसा, पाणी प्या, पण जायचं नाही."

"अहो, काहीतरी काय! माझी शाळेची सहल आलीये, चाळीस पोरं बाहेर उन्हात उभी आहेत!"

"सगळ्या असंच सांगतात," टाचणी म्हणाली. आवाज चढवला नव्हता. ताई स्टोअरमधून येईपर्यंत बाई दारावर मुठी आपटत होती आणि मुलानं भोकाड पसरलं होतं. पाच मिनिटांत मुलाचे आजोबा धापा टाकत आले, मुलानं त्यांच्या अंगावर झेप घेतली. शिक्षिका खरीच शिक्षिका होती. तिनं लेखी तक्रार केली, आणि मला विचाराल तर तिचं चुकलं नाही. चाळिशीवाल्या साहेबांनी टाचणीला कामावरून काढलं नाही, पण खोलीतून काढलं. वाहनतळावर चिठ्ठ्या फाडायला बसवलं.

आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी ती म्हणाली, घरी जातेय, येतेस का. मी गेले. घरी नाही, तिनं मला सरळ दुकानात नेलं. पुढे चष्म्याच्या चौकटींची कपाटं, आरसे. मागे पडद्याआड एक अरुंद खोली, घासणीचं चाक, पाण्याची धार आणि ओल्या काचेचा वास. तिचे बाबा पुढे वाकून काम करत होते. बुटके, हाताच्या बोटांच्या टोकांना पांढरी भुकटी लागलेली. आम्हाला पाहून त्यांनी चाक बंद केलं.

"बाबा, हात सुटला होता की सोडला होता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर जायला वळले तर टाचणीनं माझी बाही धरली.

"वही पाहिलीस," ते म्हणाले.

"तुम्ही सही केलीत त्या वहीत. वरचं वाचलं नाहीत?"

"वाचलं. तिथेच उभ्यानं वाचलं." त्यांनी हातातली काच फडक्यावर ठेवली, मग उचलली, परत ठेवली. "तीन वर्षं तिचं मन ठिकाणावर नव्हतं. तासन् तास भिंतीकडे बघत बसायची. मी म्हणायचो, होईल ठीक. मी सकाळी इथे यायचो, अंधार पडल्यावर जायचो, आणि म्हणायचो, होईल ठीक. आता तुला काय सांगणार होतो? पाच वर्षांच्या मुलीला सांगायचं, आईनं तुझा हात सोडला? सुटला म्हटलं. दोन अक्षरांचा तर फरक."

"आणि गेली म्हणालात."

"आत्या म्हणाली. गेली म्हणाली. गेलीच होती ती. तू खूप रडलीस. मग एकदम गप्प झालीस आणि पुढे कधी विचारलंच नाहीस. आम्हाला वाटलं, विसरलीस. आमचा जीव भांड्यात पडला."

"मला वाटलं मेली," टाचणी म्हणाली. "मला शोधताना. चौदा वर्षं मला वाटतंय की मी मारलं तिला."

मी त्या माणसाचा चेहरा पाहिला आणि पाहायला नको होता असं झालं. त्यांना हे खरंच माहीत नव्हतं. ते उठले, तिच्याजवळ यायला निघाले आणि मध्येच थांबले, स्वतःच्या भुकटी लागलेल्या हातांकडे बघत. "असं नव्हतं गं," एवढंच म्हणाले. तीनदा म्हणाले.

"आहे का ती?"

"माहीत नाही. दोन महिन्यांनी एक पत्र आलं होतं. मला शोधू नका, मुलीला माझ्यापेक्षा तुमच्यापाशी बरं. पत्ता होता मागे."

"तुम्ही गेला नाहीत?"

"गेलो. समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो. ती खिडकीत कपडे वाळत घालत होती. बरी दिसत होती. घरी होती त्यापेक्षा बरी. मी परत आलो." खणातून त्यांनी चौकटींच्या स्क्रूची डबी काढली. तळाशी चार घड्या घातलेलं पाकीट होतं.

टाचणीनं त्या पत्त्यावर पत्र टाकलं. मला दाखवलं नाही. आमचे दोन महिने संपत आले, वसतिगृहाच्या खोल्या रिकाम्या व्हायला लागल्या, तेव्हा उत्तर आलं. घरमालकिणीचं. त्या बाईंनी लिहिलं होतं की तुम्ही म्हणता त्या इथे दोन वर्षं राहिल्या. शिवणाच्या कारखान्यात जायच्या. भाडं वेळेवर, वागणं सरळ, कुणाशी फार बोलणं नाही. एका सकाळी सामान बांधून गेल्या, पुढचा पत्ता ठेवला नाही. त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटी विचारलं होतं, तुम्ही त्यांच्या कोण?

हे एवढं वाक्य घेऊन टाचणी दोन दिवस बसली. मी म्हटलं, उत्तर द्यायची काही गरज नाही. तिसऱ्या दिवशी तिनं एका कार्डावर लिहिलं, मी त्यांची मुलगी, आणि स्वतः जाऊन पेटीत टाकलं. त्या बाजूनं पुन्हा काही आलं नाही.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. टाचणी आता डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते, लोकांना फळ्यावरची अक्षरं वाचायला लावते. बाबा तिच्याकडेच असतात, थकलेत. दोघं पूर्वीपेक्षा जास्त बोलतात म्हणे. कधी कधी आईबद्दलही, तिला काय आवडायचं, कशावर चिडायची. आत्या मात्र शेवटपर्यंत त्या विषयावर अवाक्षर बोलली नाही. ताई अजून त्याच खोलीत आहेत. कुणी अनोळखी बाई मूल घेऊन आली की तिला आधी बसवतात, गप्पा मारतात, मग वही उघडतात.

मागच्या महिन्यात आम्ही भेटलो तेव्हा मी तिला विचारलं, आता बरं वाटतं ना? निदान तुझ्या हातून काही झालं नव्हतं, हे तरी कळलं.

 "पूर्वी ती एकाच जागी होती," टाचणी म्हणाली. "पाळण्याच्या मागे. मी तिथे नसले की नसायची. आता बँकेच्या रांगेत असते, दवाखान्याच्या जिन्यावर असते. परवा एक बाई डोळे तपासायला आली. साठीची असेल. मी तिला खालची ओळ वाचायला सांगितली आणि स्वतःच अक्षरं विसरले. नंतर तिचा कागद पाहिला, दुसरंच गाव, दुसरंच नाव. आता माझी सवयच झालीये, आधी कागद पाहते."

"आणि एखाद्या दिवशी कागदावर बरोबर नाव निघालं तर?"

"तर डोळे तपासेन," टाचणी म्हणाली. "दुसरं काय करायचं असतं, ते मला कुणी शिकवलं नाही."

तिची बस आली. गर्दी होती, ती शेवटच्या पायरीवर उभी राहिली, आणि मी तिला काहीतरी मोठ्यानं ओरडून सांगितलं, सगळ्या बसनं वळून पाहिलं इतक्या मोठ्यानं. ती हसली. काय ओरडले ते आता मला आठवत नाही.